शिवलेला खण

न्यूनेन, ११ मे

चि. वृंदास,
अनेक आशीर्वाद.

तू उत्तर देणार नाहीस हे गृहीत धरून लिहिते आहे. खरं तर म्हणूनच तुला लिहिते आहे. जे सांगायचं आहे ते माझ्या लेकीला सांगितलं, तर सलोनी मला हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे नेईल, आणि तो पॅरासिटामॉल देईल. हॉलंडात सगळ्यावर तेच देतात. तू निदान कुणाला सांगणार नाहीस. आपल्या बहिणींचं बोलणं बंद आहे, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

मी पुण्यात तुझ्यासाठी खोली रंगवून ठेवली असताना तू मला न विचारता दापोलीच्या त्या ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला गेलीस, हा विषय मी या पत्रात काढणार नाही.

तर मेथी. सलोनीने गावाबाहेर भाजीचा वाफा भाड्याने घेतला आहे. इथे बरेच लोक घेतात. वाफ्याला लागून एक लाकडी खोपट आहे, फावडी ठेवायला आणि चहा करायला. सलोनी तिथे जाते आणि फोनवर बोलत बसते, तण तसंच राहतं. मी आल्यापासून वाफा माझ्याकडे आहे. मेथी पेरली, उत्तम आली, आणि चोरीला जाऊ लागली. उपटून नाही, नखाने शेंडे खुडून. डच माणूस मेथी चोरणार नाही, त्याला ती गवत वाटते. शेजारच्या वाफ्यावर एक तुर्की आजोबा आहेत, त्यांच्याकडे चौकशी केली. ते इतके दुखावले की दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला पालक आणून दिला.

मग एका सकाळी दवात पावलं दिसली. लहान, अनवाणी. वाफ्यांच्या मागे पाण्याचा चर आहे आणि चराच्या पलीकडे आल्डरच्या झाडांची दलदल. तिथे कुणी जात नाही. कुत्रा फिरवणारा एक गृहस्थ मी पाहिला आहे. झाडांपर्यंत जातो, कान लाल होतात, झाडाला 'सॉरी' म्हणतो आणि वळतो. मी जवळ गेले तेव्हा मलाही जाणवलं. बंद दाराबाहेर उभं राहावं, आत कुणी साडी बदलत असावं किंवा रडत असावं, तसं काहीतरी. सभ्य माणूस परत फिरेल.

पण मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून माझं आयुष्य अशा दारांवरच गेलं आहे. मी आत गेले.

आत वस्ती आहे, वृंदा. एल्फांची. मी वनस्पतीशास्त्राची पदवीधर आहे, चष्मा गेल्याच महिन्यात नवा केला आहे, आणि सकाळी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. तेव्हा शंका घेऊ नकोस.

प्रमोदिनी


न्यूनेन, २५ मे

चि. वृंदास,
अनेक आशीर्वाद.

वस्तीचं वर्णन करते. आल्डरची मुळं पाण्यावर उचललेली असतात, त्यांच्या खाली घरं. छपरं शेवाळाची. वाटा म्हणून फळ्या टाकलेल्या आहेत, त्यातल्या निम्म्या कुजलेल्या. कपडे सावलीत वाळत घालतात, त्यामुळे ते कधी वाळत नाहीत. जेवणाच्या वेळा पाळत नाहीत. मी पहिल्या दिवशीच हे सगळं त्यांना सांगितलं.

माणसं आपल्या कमरेएवढी. चेहरा पाहून वय कळत नाही, हात मात्र सगळ्यांचे म्हाताऱ्या सुतारासारखे. मला पाहून सगळी मुळांखाली पळाली. एकटी उभी राहिली ती माझी मेथीचोर. हातात जुडी होती. मी म्हटलं, ठेव ती खाली. तर कमरेवर हात ठेवून मला म्हणते,

"अगं आई, ऐक ना. बेसिकली इथे यायला अलाउड नाहीये."

शुद्ध सलोनी.

त्यांचं असं आहे की, लपून राहणाऱ्याला ऐकण्याखेरीज उद्योग नसतो. वाफ्यांवर जे जे बोललं जातं ते ते त्यांना येतं. तुर्की येतं, पोलिश येतं. ओडा (हिचं नाव ओडा) सलोनीच्या वाफ्याजवळ राहते, म्हणून तिला मराठी येतं, तेही सलोनीचं. मला ती 'आई' म्हणते, कारण फोनवर माझा उल्लेख तसाच होतो. वय विचारलं तर म्हणाली, या भागातले कालवे खणले त्याच्या आधीची आहे, एक्झॅक्ट आठवत नाही.

त्यांचं कुंपण संकोचाचं आहे. येणाऱ्याला आपण आगाऊपणा करतोय असं वाटतं आणि तो परत फिरतो. एवढ्यावर ते शेकडो वर्षं टिकले. माझ्यावर कुंपण का चाललं नाही, यावर त्यांनी बैठक घेतली म्हणे. ओडाने सांगितलेला निष्कर्ष मी इथे लिहीत नाही.

मेथीचं मिटलं. मी म्हटलं, चोरू नकोस, माग. दुसऱ्या दिवशी मी तिला थालीपीठ नेऊन दिलं. डबा परत आला तो हेझलनट भरून. मग मी लाडू दिले. डबा मधासकट आला. रिकामा डबा परत करू नये हे मी सलोनीला लहानपणापासून सांगितलं, तिच्या लक्षात राहिलं नाही. मी फोनवरही तेच सांगायचे, ते झाडीतून चोरून ऐकणारीच्या मात्र राहिलं. आता डबा थांबायचं नाव घेत नाही आणि माझी पीठं संपत आली आहेत.

काल भाजी निवडता निवडता ओडाने सहज विचारलं, वृंदा मावशीचा गुडघा कसा आहे?

मी विचारलं, कुठला गुडघा?

तर दर शनिवारी सलोनी तुला फोन करते. वाफ्यावरून, स्पीकर लावून. मला कुणी सांगितलं नाही. ठीक आहे. मला काही फरक पडत नाही. गुडघ्याला एरंडेल कोमट करून लाव आणि पायऱ्या चढताना आधी बरा पाय टाक.

प्रमोदिनी


न्यूनेन, १५ जून

चि. वृंदास,
अनेक आशीर्वाद.

आज फार चांगलं काम केलं, म्हणून लगेच लिहायला बसले.

ओडा झाडी सोडून कधी लांब येत नाही. त्यांच्यात बाहेर जाण्याची चालच नाही. आज मात्र ती पहिल्यांदा चर ओलांडून आमच्या खोपटात चहाला आली. पाय पुसून आली, याची नोंद घेतली पाहिजे. आता बाईमाणूस पहिल्यांदा दाराशी आलं म्हणजे ओटी भरायला नको? मी विधवा, तिचं काय ते मी विचारलं नाही. शास्त्रात बसत नसेल तर शास्त्राने बघून घ्यावं.

खणाची गोष्ट मात्र तुला सांगायलाच हवी. आपल्याकडे खण या प्रकाराचं जे होतं त्याचा मला लहानपणापासून राग आहे. ह्या ओटीतून त्या ओटीत, त्या कपाटातून ह्या कपाटात. तुझ्या लग्नातला तो वांगी रंगाचा खण माझ्याकडे फिरून कितीदा आला असेल. कधी कुणी शिवलेला मी पाहिला नाही. सलोनीच्या कपाटात एवढे खण आहेत की त्यांच्या घड्यांना रेषा पडून कापड फाटायला आलं आहे. देणारीला माहीत असतं की ही शिवणार नाही, घेणारीला माहीत असतं की ही पुढे सारणार. मग द्यायचा कशाला?

म्हणून मी ठरवलं, द्यायचा तर शिवून. गेल्या आठवड्यातच ओडाचं माप घेतलं. सोपं नव्हतं. अंग किडकिडीत, हात गुडघ्यापर्यंत, आणि डावा खांदा चांगला बोटभर खाली. लहानपणी झाडावरून पडली होती, हाड तसंच जुळलं. माप घेताना ती एरवीसारखी बडबडली नाही, गप्प उभी राहिली. सलोनीकडे मशीन नाही, म्हणून सगळा हाताने शिवला. हिरवा इरकली, काठ बाह्यांना. डावा खांदा उतरता घेतला, म्हणजे गळा तिरका दिसत नाही. नारळ, तांदूळ आणि वर घडी करून तो झंपर, अशी ओटी भरली.

तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ पाहत राहिली. डोळ्यांत पाणी होतं. मग झंपर घेऊन पळत गेली. खण वापरात आला की बाईला किती आनंद होतो, ते आज पाहिलं.

प्रमोदिनी


न्यूनेन, १८ जून

वृंदास,

मोठा घोटाळा झाला आहे. आशीर्वाद वगैरे पुढच्या पत्रात.

आज सकाळी गेले तर वस्तीत सामान बांधणं चालू होतं. छपरांची शेवाळं सोलून गुंडाळ्या केलेल्या. कुणीतरी कधीकाळी चरात टाकलेली एक बाकफिट्स, म्हणजे पुढे लाकडी पेटी असलेली सायकल, त्यांनी दुरुस्त करून ठेवली होती. तिच्यात भांडी भरत होते. ओडा एका मुळावर बसली होती. शेजारी झंपर, घडी न मोडलेला.

तिने जे सांगितलं ते असं. पूर्वी हे लोक शेतकऱ्यांच्या घरी रात्रीची कामं करत. लोणी घुसळायचं, घोड्यांना खरारा करायचा. शेतकऱ्याला ते नकोसे झाले की तोंडाने 'जा' म्हणायचं नाही, अशी रीत. तो एक शिवलेला कपडा ठेवायचा. त्याचा अर्थ, तुमचं काम संपलं, आता निघा. कपडा मिळाला की निघायचंच. जिथे आपण नको आहोत तिथे राहायचं नाही, या एका नियमावर त्यांची जात उभी आहे. वस्तीत यायची वाट आमच्या वाफ्याला लागून, म्हणून त्यांच्या लेखी मी जमिनीची मालकीण. मालकिणीने कपडा दिला. हे सगळं गेर्लाख नावाच्या त्यांच्या म्होरक्याने ठरवलं. त्याला मी मनात चेअरमन म्हणते. कुठल्याही हाउसिंग सोसायटीत शोभेल.

मी विचारलं, कापड दिलं असतं तर, नुसतं, न शिवलेलं?

ओडा म्हणाली, "मग काहीच इश्यू नव्हता, आई. कापड म्हणजे फक्त कापड."

म्हणजे जगातल्या इतर कुठल्याही बाईने ओटी भरली असती तर ही वस्ती राहिली असती. मी भरली म्हणून उठली.

जाणार कुठे? या देशाने पाणी उपसून उपसून शेतं केली, शेतांवर घरं केली. दलदल उरली आहे कुठे? दुसऱ्या दोन-तीन जागा आहेत म्हणे, पण तिथे आधीच दाटी. त्यांच्यात एक आंधळी म्हातारी आहे, तिला घरातली मुळं हाताने माहीत आहेत. तिला बाकफिट्समध्ये बसवायचं ठरलं आहे. ती सारखी विचारत होती की आज कुठला सण आहे.

मी चेअरमनला सांगितलं की सामान सोडा, मला बोलायचं आहे. तो म्हणतो, बैठक पौर्णिमेच्या आधी बोलावता येत नाही, तसा नियम आहे. मी म्हटलं, मग पौर्णिमेपर्यंत सामानही हलवता येणार नाही, कारण बैठकीआधी निर्णय झालाच नाही. त्याने दाढीत बोटं घातली. एवढं पदरात पाडून आले आहे.

तुला आत्ता हसू येत असेल. येऊ दे.

प्रमोदिनी


न्यूनेन, १ जुलै

चि. वृंदास,
अनेक आशीर्वाद.

बैठक झाली. क्रमाने सांगते.

सगळी वस्ती मुळांवर बसली होती. चेअरमन त्यांच्या भाषेत बोलत होता आणि ओडा मला मराठीत सांगत होती. मी आधी खरं ते सांगितलं. आमच्याकडे ओटीतला खण म्हणजे उलट अर्थ. लेक सासरी निघते तेव्हा देतात, पुन्हा ये म्हणून. चेअरमन म्हणाला, देणारीचा अर्थ काय हे नियम विचारत नाही. शिवलेला आहे का, एवढंच विचारतो. मी म्हटलं, उसवून देते, कात्री आणली आहे. तो म्हणाला, उसवलेला कपडाही एकदा शिवलेला होता. तर्कात माणूस पक्का आहे, हे मान्य करायला हवं.

मग मी त्याला विचारलं, तुमच्या नियमात कपडा कुणाला लागू होतो? म्हणाला, ज्याचा आहे त्याला. शेतकरी एकच कपडा ठेवायचा, ढगळ, कुणालाही होईल असा. ज्याला होईल त्याचा. सगळ्यांना व्हायचा, म्हणून सगळे जायचे.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, मग हा घालून बघा.

वृंदा, मी आयुष्यात काही बैठका चालवल्या आहेत, पण अशी नाही. एकेकाने झंपर चढवून पाहिला. बायकांनी पाहिला, बाप्यांनी पाहिला. कुणाच्या कोपरात अडकला, कुणाच्या पाठीवर हुक लागेना. एकीला अंगाला बरोबर आला तर खांद्यावरून घसरला. चेअरमनने स्वतः घातला आणि डोकं बाहेर येईना. आंधळ्या म्हातारीने त्याला ओढून काढलं आणि हसता हसता तिला ठसका लागला. मग सगळेच हसायला लागले. मी हसले नाही, मी शिवण बघत होते. टाके मजबूत होते.

शेवटी ओडाने घातला. डावा उतरता खांदा, लांब बाह्या, काठ मनगटाच्या वर जिथे हवा तिथे. जणू अंगावरच उगवला होता.

चेअरमनने तिच्या खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवून पाहिलं. मग निकाल दिला. कपडा एकीचा आहे. एकीलाच जावं लागेल. बाकीच्यांनी छपरं परत घालावीत.

मी लगेच म्हटलं की हेही चालणार नाही, माझ्या चुकीसाठी हिला का घालवता. बरंच बोलले. ओडा काही भाषांतर करीना. शेवटी माझ्या पदराला धरून म्हणाली,

"आई, थांब ना. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"माप घेत होतीस तेव्हाच कळलं होतं तू काय शिवतेयस. मीच बोलले नाही. इथून कुणालाही स्वतःहून जाता येत नाही. कपडा मिळाला तरच. मला वाटलं, माझ्यापुरताच असेल."

तिला जायचं होतं! कित्येक महिन्यांपासून, आणि विचारायची सोय नव्हती. मला पहिल्यांदा रागच आला. वस्ती चांगली, शेजार चांगला, खाणंपिणं ठीक, मग जायचं कशाला? मी तिला तेच विचारलं. ती झंपराचे हुक नीट करू लागली. मग मी पुढे विचारलं नाही.

तिची जागा आता रिकामी आहे. चेअरमनने ती मला देऊ केली. बहुधा सौजन्य म्हणून, किंवा फळ्या दुरुस्त होतील या आशेने. मी आत जाऊन बसून पाहिलं. मुळातून पाणी वाहताना ऐकू येतं. कोनाड्यात दिवा. कुणी हाक मारत नाही, कुणाला काही सांगावं लागत नाही. उठायला मला जितका वेळ लागायला हवा होता त्यापेक्षा थोडा जास्त लागला. नाही म्हटलं, ते फक्त सलोनी शोधत बसेल म्हणून. तुझी खोली अशीच आहे का?

प्रमोदिनी


न्यूनेन, २० जुलै

चि. वृंदास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आला. दोन वर्षांनी पहिला, आणि त्यात काय, तर "ताई, खण शिवायचा नसतो. पुढे काय झालं?" सलोनीच्या फोनवर पाठवलास. ती मला विचारते आहे की कुठला खण. मी तिला सांगितलं की हा आम्हा बहिणींचा विषय आहे. माझी आधीची पत्रं पोचली आहेत हे त्यातून कळलं. पुढचंही आत्तापर्यंत कळलं असेल.

ओडा आमच्याकडे राहते. सलोनीला वाटतं, आईने एक डच मैत्रीण केली. खोलीत डोकावते, ओशाळते, 'सॉरी हं' म्हणून वर निघून जाते. कुंपण ओडाबरोबर आलं आहे.

परवा तिला समुद्र दाखवायला नेलं. तिला तेवढंच पाहायचं होतं. इथून बस, मग आगगाडी, मग हेगची ट्राम. मी तिचं तिकीट रीतसर काढलं होतं. तिकीट तपासनीस आला, तिच्याकडे पाहिलं, कान लाल झाले, आमची क्षमा मागितली आणि पुढच्या डब्यात गेला. मला तिकीट दाखवताच आलं नाही.

श्केव्हेनिंगेनच्या वाळूवर ती हिरव्या झंपरात उभी राहिली आणि पाण्यात पाय घातला. मी वाट बघत होते की आता काय म्हणते. एवढे दिवस धरलेली इच्छा.

"आई," ती म्हणाली, "हा नाही."

मी म्हटलं, हा नाही म्हणजे काय? हाच समुद्र आहे, नकाशात दाखवते. तर म्हणाली, हा गार आहे. वृंदा मावशीचा कोमट असतो. संध्याकाळी पाण्यात खुर्ची टाकून बसता येतं, खेकडे पायाला गुदगुल्या करतात, आणि मावशी फोनवर बोलता बोलता मध्येच गप्प होते, कारण सूर्य बुडत असतो. दर शनिवारी ऐकलंय.

म्हणजे शेकडो वर्षं मुळाखाली सुखाने बसलेल्या बाईला तू उठवलंस. स्पीकरवरून. मी फक्त झंपर शिवला.

मग वाळूवर बसून तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. सलोनीने तुला एकदा विचारलं होतं की आईला तिकडे का बोलावत नाहीस. तू म्हणालीस, "ताईला इथे फार आवडेल गं. पण ती आली की दोन दिवसांत सगळी वसाहत बदलेल, आणि मला ही आहे तशीच आवडते." ओडाने हे तुझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. त्यांना ते चांगलं जमतं.

मी उठून पाण्यात पाय घातला. पाणी खरंच गार होतं.

तर आता मुद्द्याचं. मी दसऱ्याला परत येते आहे. ओडा बरोबर येते आहे. तिच्या व्हिसाचं कसं, हे विचारू नकोस. श्किपोल विमानतळावरचा अधिकारी तिकिटाच्या तपासनिसापेक्षा वेगळा निघेल असं मला वाटत नाही. ती फार जागा घेत नाही. जेवणात मेथी लागते. डबा दिलास तर परत भरून येईल, तेव्हा जपून दे.

मी काहीही बदलणार नाही. जेवणाच्या वेळा नाही, खुर्च्यांची मांडणी नाही, तुझे पडदेसुद्धा नाहीत. हे मी ओडासमोर मोठ्याने कबूल केलं आहे आणि तिने ते ऐकलं आहे. एल्फांसमोर कबूल केलेलं मोडता येत नाही, तसा त्यांचा नियम आहे, आणि नियमांच्या बाबतीत ती चेअरमनपेक्षाही कडक निघाली. मी पडद्याकडे नुसतं पाहिलं तरी ती तुला सांगेल.

तुला चालणार असेल तर कळव. नसेल तर आम्ही गावात खोली घेऊ आणि तिला संध्याकाळचं पाण्यापर्यंत घेऊन येऊ. तू तुझ्या खुर्चीवर बसलेली दिसशीलच.

तुझी,
ताई